वटपौर्णिमेची खिचडी

जिऱ्या-मिरचीच्या फोडणीत साबुदाणा पडला की त्या वासानं मी थेट इंदापूरच्या एसटी स्टँडवर जाऊन पोचते. नवऱ्यानं तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला होता. शेवटच्या तारखेला मी तापानं काटेवाडीला माहेरी पडून होते, नंतर वकील फोन उचलेनात. निकाल लागला की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यात वटपौर्णिमा आली. आई म्हणाली, “निकाल कळत न्हाय तवर तू सवाशीणच हाईस. वड पूज.” मी काटेवाडीच्या वडाला दोरा गुंडाळला आणि हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट इंदापूरची गाडी धरली. कोर्टातल्या कारकुनानं माझ्या कपाळावरच्या हळदी-कुंकवाकडं पाहिलं आणि आवाज हळू केला. “बाई, निकाल मागच्या महिन्यातच लागलाय. दावा मंजूर झाला.” स्टँडवर आले तेव्हा पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. आता काहीही खायला हरकत नव्हती, तरी वडापावच्या गाडीकडं पाय वळेनात. शेजारच्या टपरीवरच्या म्हातारीनं बांगड्या पाहिल्या. “उपास हाय न्हवं, पोरी? बस, खिचडी गरम हाय.” मी “व्हय” म्हणाले. तिनं वरून मूठभर दाण्याचं कूट घातलं आणि म्हणाली, “मालकाला तुज्या मोप आयुष्य मिळू दे.” मी मान खाली घालून सगळी खिचडी खाल्ली. आता वड पुजत नाही, पण त्या दिवशी एकटीपुरती खिचडी अजून करते. उपास कुणासाठी, हे विचारणारं घरात कुणी नाही.