पोरींच्या देखत

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. साडीला फॉल लावताना माझा टाका या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातो, पण पेन हातात घेतलं की ओळ डोंगर चढायला लागते. वाचणाऱ्याने समजून घ्यावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागदावर बोलते आहे. आमच्या गल्लीत ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एक तऱ्हा माझ्या जाऊबाईंची. दुसरी ही.

इकडे माळव्यात, परदेशीपुऱ्यात, आमचं घर एकच, पण दारं दोन. पुढच्या दोन खोल्यांत मोठे दीर आणि जाऊबाई, मागच्या खोलीत आम्ही. पोरींचे बाबा शेव-नमकीनच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. मी घरी फॉल-पिको करते. मोठी सात वर्षांची आणि धाकटी पाचची असताना मला पुन्हा दिवस गेले.

पहिल्या दोन्ही वेळा मी सरकारी दवाखान्यात बाळंत झाले होते. तिथे एका खाटेवर आम्ही दोघी बायका, मधे दोन बाळं. ओरडले तर आया म्हणायची, "तब नहीं चिल्लाई थी, अब क्यों चिल्लाती है?" ते वाक्य मी दोन्ही वेळा ऐकलं. तेव्हाच मनात धरलं होतं की तिसऱ्या वेळी माझी एकटीची खाट असेल. गल्लीतल्या बायकांची बीसी होती. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, जिची चिठ्ठी निघेल तिने सगळी रक्कम उचलायची. सातव्या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली. रस्त्यावरच्या एका लहान नर्सिंग होममध्ये मी आधीच विचारून आले होते. ती रक्कम पुरली असती.

पैसे जाऊबाईंकडे ठेवले, कारण कुलपाचं कपाट त्यांच्याकडेच. पोरींच्या बाबांच्या हातात पैसा टिकत नाही, कोणी मागितला की देतात. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्याकडे ठेव. बँकेत ठेवल्यासारखं समज."

पुढच्याच महिन्यात त्यांच्या पुढच्या खोलीत सोफा आला. मेंदीच्या रंगाचा, वर प्लास्टिक तसंच ठेवलेलं. "हप्त्यावर घेतलाय," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. सोफ्याचं आणि माझ्या पैशांचं काही नातं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, तारखेच्या बऱ्याच आधी. पोरी नुकत्याच शाळेतून आल्या होत्या. मी एका बाईच्या पैठणीला फॉल लावत होते. आधी ती साडी घडी करून वर ठेवली, डाग पडला तर भरून कुठून देणार? मग पोरींच्या बाबांना फोन लावला. भट्टीच्या आवाजात त्यांना फोन कधीच ऐकू येत नाही. मग मोठीला म्हटलं, "पळत जा. काकूला सांग, आईच्या पोटात दुखतंय, पैसे घेऊन ये आणि रिक्षा बोलाव."

मोठी परत आली आणि जसंच्या तसं म्हणाली, "काकू म्हणाली, सांग काकू झोपली आहे."

इतक्या वेदनेतही मला हसू आलं. लेकरू निरोप्याचं काम इमानाने करत होतं. मी धाकटीला पाठवलं, वाटलं लहान आहे, हिला तरी हाकलणार नाहीत. ती रडवेली होऊन आली. "काकू म्हणते चाबी मिलती नहीं. आणि म्हणते, सोफे पे मत चढ, पैर गंदे हैं." पुढच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज मला मागे ऐकू येत होता. मग तो आवाज दबला, कारण दार लावलं गेलं.

पैसे खर्च झाले होते तर झाले होते. रिकाम्या हाताने जरी त्या आल्या असत्या तरी मी आज हे लिहिलं नसतं.

मी दोघींना समोरच्या माँजींकडे पाठवलं. माँजी मूळच्या माळव्यातल्याच म्हाताऱ्या, बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करतात. त्यांनी आधी आपल्या घरूनच अॅम्ब्युलन्सला फोन लावायला लावला, मग येताना जाऊबाईंच्या दारावर थाप मारून हाकही दिली. दार उघडलं नाही. आत येऊन माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाड़ी का टेम नहीं है बेटा, ये तो आ गया. बच्चियों को बाहर कर."

बाहर म्हणजे कुठे? दारापुढे रस्ता आणि रस्त्यावर गाड्या. पोरींना धरून बसणारं एकच माणूस घरात होतं आणि ते झोपलं होतं. मोठीने माझा हात सोडला नाही. माँजींनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चल, रहने दे. तू पानी पकड़. और तू छोटी, हवा कर." धाकटीने साडीच्या खोक्याचं झाकण घेऊन वारा घालायला सुरुवात केली, आणि शेवटपर्यंत थांबली नाही.

मी ओरडले. पोरींनी ते ऐकलं. रक्त होतं, तेही बघितलं. पण माँजी पूर्ण वेळ त्यांच्याशी बोलत राहिल्या, रोटी लाटताना बोलावं तसं. "देख, ये सिर है. अब कंधा आएगा. रोना मत, तेरी माँ काम कर रही है." काम हा शब्द मोठीला पटला. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, कर, कर, होतंय." एवढ्या मायेने माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं.

बाळ झालं, आधी शिंकलं आणि मग रडलं. धाकटी खदखदून हसली. "याला सर्दी झालीय!" अॅम्ब्युलन्स आली तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. माँजी ड्रायव्हरला म्हणाल्या, "आ गए भिया? बैठो, चाय पियो अब." दवाखान्यात नेलं, तपासलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मुलगा होता, ठणठणीत.

मला वाटलं, झालं गेलं. पण जाऊबाईंनी आपलं झाकण्यासाठी माझं उघडं केलं. मी घरी यायच्या आत नळावर बातमी पोचली होती. "पोरींना समोर बसवून बाळंत झाली हो! जनावरंसुद्धा आडोसा बघतात. पोरींच्या मनावर काय परिणाम होणार, देव जाणे. बिघडल्याच समजा." बायकांना ते खरं वाटलं, कारण मी गप्प. गप्प बसणाऱ्या बाईवर काहीही चिकटवता येतं. मोठीची एक मैत्रीण रोज संध्याकाळी खेळायला यायची. तिच्या आईने तिला पाठवणं बंद केलं.

एक दिवस मोठी बाळाचे लंगोट वाळत घालता घालता म्हणाली, "आई, मी घाण बघितलं का?"

त्या दिवसापासून माझं पित्त खवळलं ते शांत झालं नाही. मला बोललं असतं तर मी गिळलं असतं, आजवर गिळतच आले. पण माझ्या पोरीने माझा हात धरला होता. ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार होती, आणि या बाईने तिच्यावर चिखल फेकला. मी ठरवलं की हा चिखल जिथून आला तिथेच परत जाईल. आणि पोरींना ते दिसेल.

आधी पैसे मागितले. खालच्या मानेने, हळूच. जाऊबाई म्हणाल्या, "कसले पैसे आता? बाळंतपण फुकटात झालं ना तुझं?"

मी मागे आले.

बारसं पुढच्या खोलीत करायचा आग्रह जाऊबाईंचाच. सोफा दाखवायचा होता. सगळी गल्ली बोलावली. नणंदबाई स्नेहलतागंजहून आल्या, नाव आत्याच ठेवते म्हणून. जाऊबाई आणि चार मानाच्या बायका सोफ्यावर, बाकीच्या सतरंजीवर. मोठीच्या मैत्रिणीची आई सोफ्याच्या कडेला. माँजी दाराशी.

आमच्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला धुऊन, हळदीकुंकू लावून, अंगडं-टोपडं घालून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात. वरवंट्यासारखं घट्ट आयुष्य मिळावं म्हणून. ते झालं, नणंदबाईंनी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, पाठीवर धपाटे पडले, घुगऱ्या वाटायला घेतल्या. वरवंटा पाळण्याखाली पडला होता, टोपड्यासकट.

पोरी घरात काय खेळतात हे मला माहीत होतं. बाळ झाल्यापासून रोज तेच, उशी घेऊन. मी त्यांना एक शब्द शिकवलेला नाही, आणि खेळू नका असंही म्हटलेलं नाही. मी वाकले, वरवंटा उचलला, मोठीच्या हातात दिला आणि म्हटलं, "जा, खेळा. इथेच खेळा."

मोठी सतरंजीच्या मधोमध आडवी झाली. वरवंटा फ्रॉकखाली. "आई गं! जा, काकूला सांग, पैसे घेऊन ये आणि रिक्षा बोलाव."

बायका हसल्या. धाकटी सोफ्यापर्यंत पळत गेली, तिथेच वळली, कमरेवर हात ठेवला आणि जाऊबाईंसारखी मान तिरकी करून म्हणाली, "सांग, काकू झोपली आहे!"

आणखी हसल्या. हुबेहूब होतं ते. "परत जा," मोठी कण्हत म्हणाली. धाकटी पुन्हा सोफ्यापाशी. "चाबी मिलती नहीं. और सुन, सोफे पे मत चढ, पैर गंदे हैं!" मग तिने हवेतलं दार धाडकन लावलं.

आता कोणी हसलं नाही. नणंदबाईंचा घुगऱ्यांचा हात तसाच राहिला. "कसले पैसे गं, छकुले?"

"आईचे. दवाखान्याचे. काकूच्या कपाटातले."

जाऊबाई उसळल्या. "शिकवलंय पोरींना! खजराण्याच्या गणपतीची शपथ, हिने शिकवलंय!"

"वहिनी, ही बोलते तरी का कधी?" नणंदबाई म्हणाल्या. "आणि पाच वर्षांच्या पोरीला तुमचा आवाज कोण शिकवणार?"

दाराशी माँजींनी घसा साफ केला. "आवाज तो मैंने भी दी थी. दरवाज़ा ठोका था. टीवी चल रहा था अंदर."

सतरंजीवर मोठीचं काम चालूच होतं, ती खेळ अर्धवट सोडत नाही. तिने वरवंटा बाहेर काढला. धाकटी शिंकली. "याला सर्दी झालीय!" त्यावर एकदम सगळ्या बायका हसल्या, पण हे हसणं वेगळं होतं, त्यात पोरींची बाजू होती. नणंदबाईंनी सोफ्याच्या हातावरून बोट फिरवलं. "छान आहे हो. केवढ्याचा?"

मैत्रिणीची आई उठली आणि खाली सतरंजीवर माझ्या पोरींजवळ जाऊन बसली. मग दुसरी उठली. तिसरीने उठताना प्लास्टिक करकरलं. थोड्या वेळाने त्या लांबलचक सोफ्यावर जाऊबाई एकट्या होत्या. मी पाळण्याची दोरी ओढत उभी होते. कोणाला वाटेल मला दया आली असेल. नाही आली. त्या दिवशीच्या घुगऱ्यांइतकं चवीचं मी नंतर काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रीण खेळायला आली.

मग पैसे यायला लागले, थोडे थोडे. पहिल्या वेळी जाऊबाईंनी पोरींच्या बाबांच्या हाती पाठवले. मी घेतले नाहीत. पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हणायला मी स्वतः पुढच्या दारात गेले. म्हटलं, "ताई, तुमच्या हाताने द्या. माझ्या खोलीत येऊन. पोरींसमोर."

त्या आल्या. मी पोरींना खेळातून बोलावून दोन बाजूंना बसवलं. "बघा गं, काकू आपले पैसे देते आहे." दर वेळी असंच. आमच्यात सवाष्ण दाराशी आली तर कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. मी पाठवलं. कुंकवाचा करंडा त्यांच्या डोळ्यांसमोर फळीवर असायचा आणि त्या कोऱ्या कपाळाने परत जायच्या, म्हणजे माझ्या हातचं कुंकू न घेता. बाई असल्याशिवाय त्यातला मार कळणार नाही.

पोरींचे बाबा म्हणाले, "बस झालं आता. किती छळशील?"

"पूर्ण होईपर्यंत," मी म्हटलं. इतकं लांब उत्तर मी त्यांना पहिल्यांदाच दिलं असेल.

एकदा जाऊबाईच म्हणाल्या, "उरलेले सोड ना. घरचंच आहे." मी नुसतं पोरींकडे बघितलं. जाऊबाईंनी मान फिरवली.

शेवटचे पैसे संक्रांतीला आले. बाळ तोवर भिंतीला धरून चालायला लागलं होतं. माझ्या खोलीत हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका बसल्या होत्या, मैत्रिणीची आई, माँजी, सगळ्या. जाऊबाई दारात थबकल्या, गर्दी बघून परत वळणार होत्या. मी म्हटलं, "या ना, ताई." त्या आत आल्या. पैसे पदराआड धरून माझ्यापुढे केले. मी हात पुढे केला नाही. "मोठीकडे द्या."

मोठी आता हिशेबात पक्की आहे. तिने नोटा मांडीवर घेतल्या आणि बोटाला थुंकी लावून एकेक मोजली. धाकटी तिच्या खांद्यावरून बघत होती, बाळाने एक नोट ओढली, ती तिने काढून घेतली. जाऊबाई उभ्याच होत्या.

"आई, आता पूर्ण झाले," मोठी म्हणाली.

मी उठले आणि फळीवरचा करंडा काढला. कुंकू लावताना बोट जरा जोरातच टेकलं.