मागची सीट

आमचे हे निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी क्रूझर मोटारसायकल घेतली. या वयात लोक तीर्थयात्रेला निघतात, हे बिजौलीला निघाले. तिथे कारखान्यांच्या ओळीत गाड्या सजवून देणारा एक कारागीर आहे. ऑफिसला गेले नसतील इतक्या नेमानं हे त्याच्याकडे जाऊ लागले. आधी हँडल बदललं, मग दिवे, मग सायलेन्सर, मग चाकं. घराला रंग द्यायचा राहिला तो राहिलाच.

मी कुरकुर करायची, पण खोटं कशाला बोलू, ती गाडी मलाही आवडायची. मागची सीट चांगली रुंद होती आणि माझ्या दुखऱ्या पाठीला टेकायला यांनी खास उशी लावून घेतली होती. समथरच्या बाजाराला गेलो की लोक वळून बघायचे आणि मी उगाच पदर सारखा करायची. घरात हे माझ्यापेक्षा टीव्हीशी जास्त बोलतात. गाडीवर मात्र मान वळवून बोलायचे, तेही मराठीत. एरवी आमच्या घरातसुद्धा झाशीची हिंदीच मुरलेली. मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून ऐकायची. एवढंच माझं सुख होतं आणि ते मला पुरत होतं.

गेल्या वर्षी त्यांनी टाकीला काळा, बिनचमकीचा रंग मारून घेतला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं आणि वाहनं पुजतात. हे अंघोळीला गेले असताना मी टाकीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी डाग जाईना, म्हणून देवाची उपकरणी घासते तशी चिंच लावून खसाखसा घासली. डाग गेला आणि त्या रंगावर पोळीएवढा चकचकीत चट्टा पडला.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते. गाडी पुन्हा बिजौलीला गेली आणि महिन्याभरानं परत आली तेव्हा मागची सीटच नव्हती. चाकावर नुसता काळा पत्रा.

"अहो, मी कुठे बसू?"

गाडी पोचवायला आलेल्या कारागिरानंच उत्तर दिलं, "भाभीजी, इस लुक में पीछे सीट नहीं रहती।"

हे टाकीवरून फडकं फिरवत राहिले. "तुझी पाठ दुखतेच ना," एवढं म्हणाले. उशी कुठे टाकली ते मी विचारलं नाही.

यंदा दसऱ्याला लक्ष्मी गेटजवळच्या नातेवाइकांकडे सोनं द्यायला निघालो. हे पुढे गाडीवर, मी मागून ई-रिक्षात, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. गर्दीत त्यांची पाठ दिसायची आणि दिसेनाशी व्हायची. मान एकदाही वळली नाही. मला रडू येत होतं आणि सणाची साडी नेसून भर रस्त्यात रडायची लाजही वाटत होती.

रिक्षावाला त्या गाडीवर खूश झाला होता. ती कोणाची, हे त्याला काय ठाऊक!

"माताजी, क्या गाड़ी है! सीट भी एक ही है। अकेले आदमी होंगे, तभी ऐसा शौक पाल लिया।"

"हाँ भैया," मी म्हटलं, "अकेले ही हैं।"