पाण्यावर नको, बर्फावर बोला

६ मे. इतके महिने या प्रवासाच्या ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही, माफ करा. कुठे गेलेच नव्हते. गेल्या आठवड्यात मात्र वडवणीजवळच्या एका गावी जाऊन आले, तेही अंटार्क्टिकासाठी.

त्या गावातली पाणीवापर सहकारी संस्था दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला भरवते. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली आशा तिथली. तिच्या वस्तीचा नळ संस्थेच्या विहिरीवर चालतो. विहीर आटली म्हणून चेअरमननी तो बंद ठेवलाय. त्यांचा ऊस मात्र हिरवागार. "दुष्काळावर व्याख्यान नको म्हणतात, राजकारण होतं," आशा म्हणाली. "मॅडम, तुमी बर्फावर बोला." मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. निघाले.

जाणाऱ्यांसाठी: बीडहून वडवणीला एसटी सहज मिळते, सावलीकडची खिडकी धरा. स्टँडसमोर भजी गरम असतात. पाणी घरून न्या. हॉटेलवाला अर्धा ग्लास भरतो आणि तो संपेपर्यंत तुमच्याकडे बघत राहतो. पुढची जीप माणसं खच्चून भरल्याशिवाय हलत नाही.

संध्याकाळी संस्थेच्या गोदामात बोलले. दक्षिण ध्रुवावर देशांनी मालकीचे दावे बाजूला ठेवलेत. संशोधनातून कळेल ते एकमेकांना सांगायचं. आणि कुणाच्याही तळावर दुसऱ्या देशाच्या निरीक्षकांनी जाऊन सगळं बघावं.

"कधीबी?" मागून एका आजोबांनी विचारलं.

"कधीही."

"अन् तिथला चेअरमन काय म्हणत न्हाई?"

गोदाम हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसले ते चेअरमन अण्णा. त्यांनी माइक घेतला. "आपली संस्था कुठं कमी हाय? उद्या सकाळी मॅडमच्या हस्ते आपल्या हिरीची पाहणी!" आशानं माझा हात घट्ट दाबला.

सकाळी विहिरीवर मांडव होता. पाहुणे येणार म्हटल्यावर सत्कार आलाच. स्लॅबवर सतरंजी, सतरंजीवर टेबल, आणि टेबलाखाली विहिरीचं लोखंडी झाकण. शाल, नारळ, हार, चार भाषणं. चौथ्या भाषणात मला 'ध्रुवकन्या' म्हणण्यात आलं. मी दोनदा म्हणाले, "झाकण उघडू या का?" अण्णा म्हणाले, "चहा घ्या की आधी." चहा झाला, फोटो झाला, आभार झाले. टेबल हलवा म्हणायला मला संकोच वाटला. गळ्यात हार होता.

परतताना आशाच्या आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. लई झणझणीत. मग विचारलं, "वाकून बघितलं का, बाई?"

"नाही."

"मंग कशाला आलतात?"

मी भाकरी खाल्ली. चांगली होती, हेही लिहायला लाज वाटते.

घरी आल्यापासून हिशेब लावतेय. ध्रुवावरच्या निरीक्षकांनाही कुणी शाल देत असेल का, मला माहीत नाही; मी तिथे गेलेले नाही. विहिरीपाशी मात्र मी उभी होते. आज आशा सांगत होती, आता वस्तीतल्या कुणी नळाचं विचारलं की अण्णा म्हणतात, "मॅडमनी स्वतः पाहणी केलीय." म्हणजे आधी नळाला कुलूप होतं, आता त्यावर माझी मोहर. ही पोस्ट तिथून परत आल्यावरच टाकेन; आधी कळलं तर पुन्हा मांडव पडेल.

उद्या: कुणालाही न कळवता पहिल्या एसटीनं जाऊन ते झाकण उघडायला लावणे.