एसिनामने लिहिलेला लाल

आगबोझुमे या विणकरांच्या गावच्या बाजारात माझ्या लापशीच्या टपरीसमोर एसिनामचा फोटो स्टुडिओ आहे. बाई जन्माची घाबरट. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ही न पोळताच पाणीसुद्धा फुंकते, असं मी तिला तोंडावर सांगते.

पण विणकरांचं तिच्यावाचून चालत नाही. गिऱ्हाईक फोटो देतं, असंच कापड हवं म्हणतं. एसिनाम तो संगणकावर घेते, रंग उचलायचा ड्रॉपर एकेका पट्ट्यावर टेकवते, उचललेला रंग शेजारच्या चौकोनात भरते आणि खाली सुताचं नाव लिहिते: कच्ची पपई, काजळ, विटकरी लाल. तो कागद मागासमोर टांगून विणकर विणतात. सहा वर्षांत तिचं एक नाव चुकलं नव्हतं.

मग गावातल्या दा आगाथाची, म्हणजे आगाथाताईची, आई गेली, चौऱ्याण्णव वर्षांची. आमच्याकडे अंत्यविधी काही आठवड्यांनी होतो. आईच्या तरुणपणच्या फोटोत आहे तसंच कापड अंत्यविधीला नेसायचं, असं सहाही मुलांनी ठरवलं. मूळ कापड कुणालाच आठवत नव्हतं, फोटो तेवढा उरला होता. एसिनामने लिहिलं: विटकरी लाल, साय, काजळ. विणकर एफो कोजोने, म्हणजे कोजोदादाने, माग लावला आणि पहिली पट्टी नमुना म्हणून त्यांच्या घरी पाठवली. तिकडून काहीच निरोप आला नाही. बोलले नाहीत म्हणजे पसंत आहे, असं त्याने धरलं.

एसिनामला मात्र चैन पडेना. गुरुवारी तिने फोटो पुन्हा उघडला. आईच्या पायाशी इनॅमलचं पांढरं घमेलं होतं. तिने सहज त्यावर ड्रॉपर टेकवला, तर चौकोन गुलाबी झाला. जुना फोटो सगळाच तांबडा पडला होता. हे घमेलं पांढरं धर, असं तिने संगणकाला सांगितलं, आणि लाल पट्टे डोळ्यांदेखत निळे झाले.

ती धावत माझ्याकडे आली. पिकलं पान गळलं तर आम्ही निळं-पांढरं नेसतो. लाल नेसतात ते अवेळी गेलेल्यासाठी, नाहीतर ज्याच्या मरणात कुणाचा हात असेल त्याच्यासाठी.

टपरी तशीच टाकून आम्ही कोजोकडे गेलो. चार कापडं विणून झाली होती.

"मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, म्हातारीला लाल कसा?" तो म्हणाला.

"मग विचारलं का नाही, एफो?"

"तुझ्या कागदावर लाल होतं. तू कधी चुकत नाहीस."

त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निळं सूत लावून अंत्यविधीच्या आत, नऊ दिवसांत सगळं पुन्हा विणतो, असं तो म्हणाला.

दा आगाथाच्या अंगणात एसिनामने सुधारलेला फोटो पुढे केला आणि सगळं कबूल केलं. आगाथा ओरडली नाही. ती हळूच सांगू लागली. लाल पट्टी आली तेव्हा घर गप्प झालं होतं. आईच्या मरणाबद्दल विणकरांच्या कानावर काहीतरी आलं असणार, असं सगळ्यांना वाटलं. वर्षभर आईचा स्वयंपाक धाकटी बहीण देला करत होती. तिला कुणी बोललं काहीच नाही, फक्त तिच्या हातचं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी ती सीमेपलीकडे लोमेला निघून गेली.

"कापड होईल गं," आगाथा म्हणाली. "तिला काय सांगून परत आणू?"

"मी सांगते. चूक माझी आहे," एसिनाम म्हणाली.

आम्ही तिघी त्याच दुपारी लोमेला गेलो. देलाने फोटो पाहिला, एसिनामचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि आत गेली. परत आली ती अकुमेचं, म्हणजे मक्याच्या उकडीच्या गोळ्याचं, ताट आणि रश्श्याचं भांडं घेऊन. ते पुढ्यात ठेवून ती बहिणीच्या हातांकडे बघत उभी राहिली.

आगाथाने हात धुतले आणि आमच्याआधी घास मोडला. तिने ताट निपटून खाल्लं, रडत खाल्लं. देला मात्र आमच्यात जेवायला बसली नाही.