तपासणीच्या दिवशीची सुट्टी

"आज तू घरी राह्य."

ग्रंथालयाचे अध्यक्ष दारात उभे राहून हे म्हणाले तेव्हा मी रॅक पुसत होते. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल. अंगात ताप असतानाही या माणसाने मला कधी सुट्टी दिली नव्हती. मग आजच एवढी माया? आज तर तपासणीला जिल्ह्याहून साहेब येणार होते.

"काऊन भाऊ?"

"साहेबाचं जेवण इथंच हाय. आमच्या घरून डबे येऊन राह्यले. समजून घे ना."

समजलं. माझी वस्ती कोणती, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. अंगाची आग आग झाली. पण शंका तेवढ्यावर थांबेना. काही महिन्यांपासून त्यांची सून 'काम पाहायला' येत होती. माझ्याच खुर्चीत बसून मोबाइल बघायची. अध्यक्ष मला अधूनमधून विचारायचे, "तुले खामगावले नोकरी नाही भेटत का?" आपुलकी म्हणावी, तर डोळ्यांत ती दिसायची नाही.

मी घरी गेलेच नाही. समोरच्या पानटपरीच्या आडोशाला उभी राहिले. आधी टेम्पोतून शेजारगावच्या ग्रंथालयाची पुस्तकं उतरली. तपासणी आली की आकडा भरायला त्यांची पुस्तकं आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. मग अध्यक्षांचे सालगडी धुतलेले कपडे घालून आले, पेपर तोंडासमोर धरून वाचक झाले. शेवटी सून आली आणि माझ्या जागेवर बसली. तेव्हा कुठे सगळा डाव लक्षात आला: साहेबांपुढे ग्रंथपाल म्हणून तिलाच दाखवायचं होतं. साहेबांची गाडी थांबली, तशी मीही त्यांच्या मागोमाग आत शिरले.

त्या गड्यांमध्ये नामदेवकाका होते. खरा वाचक तेवढा एकच. मला पाहताच ते सवयीने बोलून गेले, "मॅडम, माह्यासाठी मोठ्या अक्षराचं पुस्तक आलं का?"

साहेबांनी वर पाहिलं. "या कोण?"

"ही? झाडलोट करते आपल्या इथं," अध्यक्ष म्हणाले.

मी पुढे झाले. "साहेब, ग्रंथपाल मी आहे. तुमच्या जेवणाला माझा विटाळ नको म्हणून मला घरी पाठवलं. आणि माझ्या जागी यांना बसवलं."

साहेबांनी घड्याळाकडे नजर टाकली. "हे तुम्ही आपसात मिटवा."

साहेबांनाही आधीच सांगून ठेवलं होतं का? कोण जाणे. त्यांच्याकडून आशा मी तिथेच सोडली. सुनेसमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, उठा."

ती सासऱ्यांकडे बघत उठली. मी बसले.

"लय मोठी झाली का तू?" अध्यक्ष ओरडले.

"भाऊ, मले इथून उठवाचं असन तं लेखी द्या. अन् कारण खरं लिहा."

अजून त्यांनी लिहून दिलेलं नाही. दुसरी काहीतरी वाट शोधत असतील. शोधू देत. मी उठणार नाही.