पहिल्या वर्षी सगळेच चांगले दिसतात

कॅप्टन मुलांना पहिले दोन महिने बास्केटमध्ये बॉल टाकू देत नसत. बास्केटबॉल शिकायला आलेली दहा-बारा वर्षांची पोरं, पायात कोरे बूट, अंगात नंबर घातलेले बनियन, आणि हा सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस त्यांना रिंगकडे पाठ करून उभं करायचा आणि नुसते पाय हलवायला लावायचा. पुढे, मागे, बाजूला, थांब. आमच्या कंपाउंडमधल्या आया वैतागायच्या. हा खेळ शिकवतोय की कवायत घेतोय, असं माझ्या तोंडावर विचारायच्या. कॅप्टनपर्यंत ते पोचायचं. ते म्हणायचे, "बास्केट काय पळून जात नाय. पाय एकदा वाकडे पडले की ऱ्हायले."

कॅप्टन कुठल्या जहाजावर नव्हते, फौजेत तर नव्हतेच. आखातात, कतीफला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये ते माल चढवायचं-उतरवायचं काम करत. दापोलीच्या बाजूचे, खाडीकाठच्या गावातले. खरं नाव इक्बाल. फार पूर्वी तिकडच्याच अल खफजीला एका कंपनीच्या बास्केटबॉल टीमचे ते कॅप्टन होते, आणि त्या सगळ्यातलं तेवढं नावच उरलं होतं. मी त्याच भागातल्या एका प्लांटवर प्रोसेस इंजिनिअर, मूळचा नाशिकचा. आमचं कंपाउंड म्हणजे उंच भिंतीच्या आत हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि अर्धं बास्केटबॉल कोर्ट. कामगार माणसाला आत यायचं तर गेटवर इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, ठेवावा लागे आणि आतल्या कुणीतरी फोनवर 'येऊ द्या' म्हणावं लागे. दर शुक्रवारी असरची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज झाली की मला गेटवरून फोन यायचा आणि मी 'येऊ द्या' म्हणायचो. सात वर्षं म्हणालो. कॅप्टन शिकवण्याचे काही घेत नसत, आणि तरीही त्या दोन शब्दांत मीच त्यांच्यावर उपकार करतोय असं मला मनापासून वाटत असे.

कोर्टवर आठवडाभराची वाळू साठलेली असायची. ती ते स्वतः झाडायचे. मुलं झाडू ओढून घ्यायला बघायची, पण ते देत नसत. एकदा मी म्हटलं, "झाडू द्या की त्यांना. तेवढीच शिस्त." ते हसले आणि म्हणाले, "साहेब, तुमी बघताय म्हणून ठीक हाय. दुसऱ्या कोणाच्या बापानं बघितलं तर मला आत कोण घेईल?" मी त्यावर हसलो होतो. त्यात हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

माझा मुलगा निशांत त्यांच्याकडे अकराव्या वर्षी गेला. त्याच्यात काहीतरी आहे हे त्यांनी पहिल्या महिन्यातच ओळखलं असणार, कारण सगळ्यात जास्त छळ त्याचाच झाला. त्याचा उजवा हात चड्डीच्या खिशात घालायला लावून ते त्याला तासन् तास डाव्या हातानं खेळवत. "उजवा हात अल्लानं दिला. डावा आपला आपण करायचा," असं म्हणत. घरी त्याला डाव्या हातानं दात घासायला सांगितलं होतं. महिनाभर आमच्या बेसिनच्या आरशावर टूथपेस्टचे शिंतोडे होते आणि वैशाली, म्हणजे माझी बायको, कॅप्टनच्या नावानं रोज सकाळी शंख करत होती. शुक्रवारी मात्र त्यांच्यासाठी थालीपीठ तीच करायची. ते घरात येत नसत. पायरीवर बसून खायचे, ताटली पुसून घेतल्यासारखी स्वच्छ करून द्यायचे.

त्या पायरीवरच त्यांनी एकदा आपली हकिगत सांगितली, तीही मी खोदून विचारलं म्हणून. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ते विद्यापीठाच्या टीममध्ये होते. स्पर्धेला खफजीच्या त्या कंपनीचा माणूस आला होता. कंपन्यांच्या आपसांत स्पर्धा चालत, त्यासाठी त्याला खेळाडू हवे होते. कॅप्टननी कॉलेज सोडलं आणि विमानात बसले. व्हिसा माल उतरवणाऱ्या कामगाराचा होता. नावापुरता, असं त्या माणसानं सांगितलं होतं. तीन वर्षांनी मॅनेजर बदलला, नव्याला खेळात रस नव्हता, टीम खलास. इकाम्यावरचं 'कामगार' तेवढं खरं ठरलं. मग कॅम्पातल्या खोलीत, सहा जणांच्या घोरण्यात, त्यांनी बाहेरून बी. कॉम. केलं. कागद पडताळणीच्या शिक्क्यांसाठी पाठवले ते परत आले. बाहेरून केलेली डिग्री इथे चालत नाही. डिग्री नाही म्हणून इकाम्यावरचा हुद्दा बदलेना, आणि कामगाराच्या हुद्द्यावर बायकोला इकडे आणता येईना. दोन वर्षांनी एकदा दोन महिने गावी जायचं, एवढाच त्यांचा संसार. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि पाणी मागितलं.

निशांत बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. पहिल्याच वर्षी त्यानं धुमाकूळ घातला. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली, पेपरात फोटो आला, माझ्या प्लांटवरचे मल्याळी आणि आंध्रचे सहकारी मला थांबवून हात मिळवू लागले. त्याच सुमारास एक नवी खाजगी लीग निघाली होती. बंगळुरूच्या एका टीमनं निशांतला बोलावलं. अट एकच होती, पूर्ण वेळ तिथे राहायचं, म्हणजे कॉलेज सोडायचं.

मराठी इंजिनिअर बाप अशा वेळी काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी उलटं म्हणालो. शहाण्या मुलासारखा मी जन्मभर अभ्यासच केला होता आणि मला मिळालं काय, तर वाळवंटातल्या पाइपांचं प्रेशर बघायची नोकरी. माझ्या पोरानं तसं होऊ नये, असं मी वैशालीला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे लोकांनी माझ्याशी हात मिळवलेला मला आवडू लागला होता. डिग्री काय, बाहेरूनही करता येते, हेही मीच म्हणालो. त्या पायरीवर ती हकिगत ऐकून मला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

वैशालीनं मला न विचारता कॅप्टनना फोन केला. शुक्रवारी ते आले आणि पहिल्यांदाच घरात आले, कारण ती त्यांना दारातून हलू देईना. सोफ्याच्या कडेवर बसले. चहा आला तसे म्हणाले, "साहेब, पोराला अजून तीन वर्षं तिथंच ऱ्हाव दे."

"संधी पुन्हा येत नाही, कॅप्टन."

"पहिल्या वर्षी सगळेच चांगले दिसतात. समोरच्यांनी पोराला कधी बघितलेलं नसतं ना. दुसऱ्या वर्षी बघून येतात, याचा डावा हात कच्चा हाय, याला डावीकडं ढकला. मग पोराला शिकावं लागतं. ते शिकायची जागा कालेज. चुकला तर सर ओरडतील, पुढच्या आठवड्यात परत खेळवतील. हे लीगवाले तयार माल घेतात. चुकला तर बेंचवर बसवतील. बेंचवर बसून कोण शिकला?"

"तो कमी खेळतो असं तुम्हाला म्हणायचंय का?"

"लय चांगला खेळतो. म्हणून तर भीती हाय. कमी खेळणाऱ्याला कोण न्यायला येत नाय."

वैशाली माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की तिला ते पटतंय, आणि स्टोअरमधल्या माणसाचं तिला पटतंय हे मला खपलं नाही. मी म्हणालो, "कॅप्टन, माल उतरवणाऱ्या माणसानं इंजिनिअरला कॉलेजचं महत्त्व सांगायचं, हे जरा जास्तच होतंय."

वैशाली उठून आत गेली. कॅप्टननी चहा सावकाश संपवला, कप बशीत ठेवला. "बरोबर हाय साहेब," ते म्हणाले. "मी माल उतरवतो, म्हणूनच सांगायला आलो." आणि गेले.

पुढच्या शुक्रवारी ठरल्या वेळी गेटवरून फोन आला. मी सोफ्यावर बसलो होतो. फोन समोर वाजत होता, मी तो उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. खाली कोर्टवर मुलं थांबली होती, त्यांचे आवाज येत होते. नंतर शेजारच्या कुरियननं सांगितलं की कॅप्टन गेटवर अर्धा तास उभे होते, मग इकामा परत घेऊन निघून गेले. कुरियन म्हणाला, मैं बोल देता था ना, तुमने बताया क्यों नहीं. मी म्हटलं, फोन सायलेंटवर होता. त्यानंतर कॅप्टन आमच्या कंपाउंडमध्ये आले नाहीत.

निशांत बंगळुरूला गेला. पूर्ण हंगामात तो किती खेळला ते मी सांगत नाही, टीव्हीवर त्याला बेंचवर टॉवेल घेऊन बसलेला बघायचीच आम्हाला सवय झाली. जेव्हा उतरवला तेव्हा समोरच्यांनी त्याला डावीकडे ढकललं. पुढच्या वर्षी लीगच भरली नाही. कुणी म्हणे प्रायोजक गेले, कुणी म्हणे पुढच्या वर्षी नक्की. टीमच्या फ्लॅटमधून मुलांना निघायला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात मला कॅप्टनचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. मी तो तीनदा ऐकला, त्यामुळे पाठ आहे. "साहेब, सलाम. इक्बाल बोलतोय, स्टोअरवाला. निशांतच्या कालेजात खेळाचे जे सर हायत, ते माझ्याबरोबर खेळलेले. मी त्यांच्याशी बोललो. पोरगा पहिलं वर्ष पास हाय, एक वर्षाची गॅप चालते. पंधरा तारखेच्या आत अर्ज दिला तर दुसऱ्या वर्षाला घेतात, टीममध्ये पण घेतात. पोराला मी फोन नाय केला. बापाच्या तोंडून गेलेलं बरं. तुमी सांगा."

'स्टोअरवाला' हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्या आवाजात टोमणा असता तर मी कदाचित लगेच निशांतला फोन केला असता, भांडणाच्या भरात का होईना. पण तो माणूस माझी अब्रू सांभाळत होता, आणि ती त्यानं सांभाळलेली मला नको होती. शिवाय दुसऱ्या एका टीमची निवड चाचणी असल्याचं कानावर होतं. ती झाली की सांगू, म्हटलं. मग म्हटलं शुक्रवारी सांगू. शुक्रवार आला तसा गेला.

पंधरा तारखेच्या चार दिवस आधी निशांतचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, कॉलेजवाले परत घेतील का? शुड आय आस्क?"

मी म्हणालो, "आता कसले घेतात. विचारून अपमान करून घेऊ नकोस."

"ओके," तो म्हणाला. माझा मुलगा माझं ऐकतो, याचा मला नेहमी अभिमान होता.

निवड चाचणी कधी झालीच नाही. निशांतनं बाहेरून बी. कॉम. केलं. मी त्याला इकडे चांगल्या जागेवर लावायला निघालो, तेव्हा त्याचे कागद परत आले, कॅप्टनचे आले होते त्याच कारणानं. आता तो नाशिकला एका जिममध्ये ट्रेनर आहे. काम वाईट नाही. सोसायटीतल्या काकांना तो वजनं कशी उचलायची ते समजावतो, तेव्हा त्याच्यासारखा शांत माणूस मी पाहिलेला नाही. विशी सरायच्या आत माणसानं इतकं शांत व्हायचं नसतं.

कॅप्टन खुरूज घेऊन, म्हणजे कायमचे, गावी परतल्याचं मला कुरियनकडून कळलं. मी त्यांना फोन केला. माफी मागायची असं ठरवून केला होता. ते खुशीत बोलले. गावच्या शाळेत मुलींना खेळवत होते. "पोरी बरं ऐकतात. दोन म्हयने पाय हलव म्हटलं तर हलवतात." घरचं विचारलं तर म्हणाले, "बायकोला माझी सवय नाय, साहेब. पाहुण्याला विचारावं तसं विचारते, चहा घेणार का." मग त्यांनी निशांतची चौकशी केली. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तो निरोप मिळालेला ना तुमाला?"

"मिळाला होता," मी म्हणालो. "पण तोवर तारीख उलटून गेली होती."

"मग चूक माझीच झाली. मी आठ दिवस आधी करायला पायजे होता."

"नाही नाही, तुमची कसली चूक," मी म्हणालो. आणि ते मी अशा सुरात म्हणालो की जणू त्यांना माफ करतोय.

चार-पाच महिन्यांनी ते गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या जावयानं कळवलं. मी इथून काही निघालो नाही. निशांत नाशिकहून एसटीनं त्यांच्या गावी जाऊन आला, दोन दिवस राहिला. तिथून परतल्यावर त्यानं मला फोन केला. "बाबा, त्यांची मुलगी सांगत होती, ते म्हणायचे की निशांतच्या कामाला मला उशीर झाला. कसलं काम? डू यू नो?"

मी म्हणालो, "नाही बुवा. मला कधी काही बोलले नाहीत."

हे लिहायला बसलो तो त्या फोननंतर. निशांत मराठी चांगलं बोलतो, पण इथल्या शाळेत वाढलेला, देवनागरी अक्षरं जुळवत जुळवत वाचतो आणि अर्ध्या पानात थकतो. कॅप्टनवर बाबांनी काहीतरी लिहिलंय म्हणून तो सुरुवातीच्या चार ओळी वाचेल, खूश होईल आणि बाजूला ठेवेल. इथपर्यंत तो यायचा नाही. निरोपाची गोष्ट मी एवढ्या खाली लिहिली, ती याच हिशेबानं.