तपासणीच्या दिवशीची मावशी

अयोध्या सिस्टरचं वय बत्तीस, नोकरी नऊ वर्षांची आणि पगार अकरा हजार. यातला पहिला आकडा ती कुणाला सांगत नसे, दुसरा अभिमानाने सांगे आणि तिसरा सांगण्याआधी घसा खाकरून घेई.

नोकरी नांदेडात, डॉक्टर राघवेंद्र यांच्या लहान मुलांच्या वीस खाटांच्या दवाखान्यात. डॉक्टर भला माणूस. आजारी पोरापेक्षा घाबरलेल्या आजीला जास्त वेळ देणारा. बाकीचा कारभार, म्हणजे पगार, पडदे, फिनेल आणि रजा, हे सगळं त्यांच्या पत्नी सौदामिनी मॅडमकडे. मॅडम सगळ्या सिस्टरांना घरच्यासारखं मानत, आणि घरच्या माणसाची पगारवाढ कशी करायची हा प्रश्न त्यांना नऊ वर्षांत सुटलेला नव्हता. दिवाळीला मात्र सगळ्यांना एकाच रंगाच्या साड्या मिळत. त्यामुळे भाऊबीजेला बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या चार सिस्टरा दुरून एखाद्या बचत गटासारख्या दिसत.

अयोध्याचा हात मात्र सोन्याचा. चार दिवसांच्या बाळाची शीर डॉक्टरांना चष्मा लावूनही दिसत नसे, ती हिला बोटाच्या टोकाला कळायची. सलाईनची सुई पहिल्या झटक्यात आत. बाळाला रडायचं सुचेपर्यंत वर चिकटपट्टीसुद्धा लागलेली.

मुखेडला सासरी तर तिचा दर्जा याहून मोठा. ती एसटीतून उतरली की गल्लीतली म्हातारी मंडळी बाह्या वर करूनच ओट्यावर बसलेली असत, बीपी बघून घ्यायला. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. एकदा तिने सांगून पाहिलं, की मी डॉक्टर नाही, एएनएम आहे, बारावीनंतरचा दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स. ऐकणाऱ्यांनी आदराने मान हलवली आणि आपापसात ठरवलं, की हे डॉक्टरच्याही पुढचं काहीतरी असावं.

तर या पावसाळ्याच्या अखेरीला दवाखान्यावर तपासणी आली. विम्याच्या यादीत दवाखान्याचं नाव ठेवायचं की नाही, हे ठरवायला वरून दोन साहेब येणार होते. मॅडमनी पाठवलेल्या कागदावर आठ जीएनएम सिस्टरांची नावं होती. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा मोठा कोर्स केलेल्या. प्रत्यक्षात दवाखान्यात तशा दोनच होत्या, आणि त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. पण अशा अडचणींना आपल्याकडे ठरलेली वाट आहे. लातूरहून एका क्रूझर जीपमधून सात जीएनएम सिस्टरा एका दिवसासाठी आल्या. माणशी एक हजार रुपये आणि दुपारचं जेवण.

मग स्वतःच्या एएनएमचं काय करायचं? दोघींना सक्तीची रजा मिळाली. एकीला गच्चीवर चादरी वाळवायला पाठवलं आणि खाली बोलावेपर्यंत उतरायचं नाही असं बजावलं. अयोध्याला मात्र लांब पाठवणं मॅडमच्या जिवावर आलं. साहेबांच्या डोळ्यांदेखत एखाद्या बाळाची सुई निघाली तर पुन्हा लावायची कुणी? शेवटी मॅडमनीच तोड काढली. सात नंबरच्या खाटेवर उमरीचं एक बाळ होतं, त्याच्याजवळ एकटी आई होती. अयोध्याने पांढरा ड्रेस उतरवायचा, दिवाळीची साडी नेसायची आणि डोक्यावर पदर घेऊन तिथे बाळाची मावशी म्हणून बसायचं.

अयोध्या बसली. बाळाच्या खऱ्या आईला या नव्या बहिणीचं फार कौतुक वाटलं. तिने तिला अर्धं संत्रं दिलं.

तेवढ्यात लातूरच्या सिस्टरांपैकी एक वॉर्डात शिरली, सात नंबरशी आली आणि थबकली. ती महादेवी होती. दोघींनी लातूरला एएनएमचा कोर्स एकत्र केला होता, हॉस्टेलच्या एका खोलीत राहून. पुढे अयोध्याचं लग्न झालं आणि महादेवीने पोटाला चिमटा घेऊन जीएनएम केलं. तिने आधी पदर बघितला, मग त्याखालचा चेहरा.

“अगं, कोण आजारी हाय तुझ्या घरचं?”

“कोणी न्हाई,” अयोध्या पुटपुटली. “मी हितंच असते कामाला.”

“मग खाटंवर कामून बसलीस?”

“माझ्या जागंवर तू उभी राहिलीस म्हणून.”

महादेवीला हसू आवरेना. तिने तोंडावर मास्क ओढला आणि चार्ट बघायचं निमित्त करून वाकली. वाकल्या वाकल्या दोघींनी नऊ वर्षांचा हिशेब उरकला. महादेवीला लातूरला सतरा हजार पडत होते. अयोध्याने घसा खाकरून आपला आकडा सांगितला. महादेवीने मास्कच्या आतून “हाव का” एवढंच विचारलं, पण त्याचा सूर फार लांबलेला होता.

“खरं सांग,” अयोध्याने विचारलं, “तीन वर्षं घालून परवडलं का तुला?”

“पैशानं अजून फिटलं न्हाई. कर्ज हाय थोडं. पण सरकारी जागा निघाल्या की फॉर्म भरता येतो. अन् तपासणी आली की माझी सुट्टी रद्द होते बघ. तुमच्यावानी मंजूर होत न्हाई.”

साहेब आले. त्यांनी महादेवीला विचारलं, इमर्जन्सीचा ट्रे कुठे ठेवता? महादेवीने या वॉर्डात पाऊल ठेवून अर्धा तास झाला होता. तिने एक कपाट उघडलं, त्यात केरसुण्या निघाल्या. मावशीने पदराआडून हनुवटीने डावीकडचा कप्पा दाखवला. ट्रे मिळाला. ऑक्सिजनचा पाना मावशीच्या नजरेने मिळाला, औषधांच्या फ्रिजचं तापमान मावशीच्या बोटांवरून कळलं. साहेबांच्या हे ध्यानात आल्यावाचून राहिलं नाही. त्यांनी खुश होऊन वहीत लिहिलं, की या दवाखान्यात रुग्णांचे नातेवाईकसुद्धा अतिशय माहीतगार आहेत. मग मावशीलाच विचारलं, की इथल्या सिस्टरांची सेवा कशी आहे? अयोध्या म्हणाली, लई चांगली हाय साहेब, पगार तेवढा बघा त्यांचा. मॅडमना ठसका लागला. साहेबांनी याला विनोद समजून दाद दिली.

दवाखाना पास झाला. क्रूझर लातूरला परत गेली आणि अयोध्याने पांढरा ड्रेस घातला. पण ते अर्धं संत्रं तिला काही पचलं नाही.

घरी नवरा सुदाम गाड्यांच्या सीटला कव्हरं शिवायचं दुकान बंद करून आला तेव्हा ती पंचांगाच्या मागच्या पानावर आकडे मांडून बसली होती. सुदाम शांत माणूस. गाडी असो की आयुष्य, तो आधी माप घेतो. त्याने मोबाइलवर गणित केलं. कॉलेजची फी तीन वर्षांची मिळून दोन लाख. तीन वर्षांचा बुडणारा पगार चार लाख. एकूण सहा. पुढे महिना सहा हजार जास्त मिळाले तर सहा लाख फिटायला आठ वर्षं चार महिने.

“म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी तू फायद्यात येशील,” तो म्हणाला.

सासूबाई रुक्मिणबाई नातीच्या शाळेसाठी मुखेडहून येऊन राहिल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला, की हे झाल्यावर ती डॉक्टर होणार का? नाही म्हटल्यावर त्या चक्रावल्या.

“सिस्टरची सिस्टरच व्हायला तीन वर्षं? आमच्या गल्लीत तर तू आताच डाक्टरीण हायस. खाली कामून उतरायलीस बाई?”

 तरी चव्वेचाळीस काही फार नव्हे असं अयोध्याच्या मनाने घेतलं. प्रवेशाची मुदत संपायला आठच दिवस होते आणि तिची मूळ मार्कशीटं, सर्टिफिकेटं दवाखान्यात होती. नोकरीला लागताना ओरिजिनल कागद मॅडमच्या लोखंडी कपाटात ठेवायचे, हा तिथला नियम. ते परत मागायलाही ठरलेली कारणं होती: कुणी बँकेच्या कर्जासाठी मागे, कुणी लेकराच्या जातीच्या दाखल्यासाठी. कारण कुठलंही असो, कागद घेऊन गेलेली सिस्टर सहसा परत येत नसे. मॅडमना ही कारणं पाठ होती.

अयोध्याला खोटं बोलता येत नसे. ती केबिनमध्ये गेली आणि सरळ सांगितलं, की जीएनएमला प्रवेश घ्यायचाय, कागद द्या.

मॅडमनी नऊ वर्षांत असलं उघडं खरं कधी ऐकलं नव्हतं. साहजिकच त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यांना वाटलं, पोरगी पगार वाढवून मागतेय आणि मोठ्या हुशारीने मागतेय. त्यांनी चहा मागवला. तो बशीसकट आला. त्या म्हणाल्या, की बाराशे वाढवते. अयोध्या मनातल्या मनात सुदामचं गणित तपासत होती, म्हणून गप्प राहिली. मॅडमनी ते गप्प राहणं ऐकलं आणि पगार तेरा हजारांवर नेला. अयोध्याला तोंडी गुणाकार जमत नसे. ती अजून सहा हजार गुणिले बारावर होती. मॅडम चौदावर गेल्या. अयोध्याने घाम पुसला. मॅडम पंधरावर आल्या आणि म्हणाल्या, यापुढे मात्र एक रुपया नाही हं.

आयुष्यात कोथिंबिरीच्या जुडीचा भावसुद्धा न केलेल्या बाईने चार मिनिटांत चार हजार वाढवून घेतले होते, आणि तेही तोंड न उघडता.

“घरच्यासारखी आहेस म्हणून सांगते,” मॅडम म्हणाल्या. “हे कोर्सचं डोक्यातून काढ. तुझा हात सोन्याचा आहे, कागद काय करायचाय? फक्त तपासणीच्या दिवशी तेवढं ते मावशीचं. छान जमलं तुला.”

अयोध्या म्हणाली, विचार करते, पण कागद द्या, घरी दाखवायचेत. मॅडमनी दिले. पंधरा हजारांकडे कुणी पाठ फिरवील हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं, आणि खरं म्हणजे अयोध्याच्याही बसत नव्हतं.

संध्याकाळी सुदामने नवं माप घेतलं. बुडणारा पगार आता पाच लाख चाळीस हजार. फीसकट सात लाख चाळीस. पंधरा आणि सतरामधला फरक दोनच हजार. त्याने आकडा दोनदा काढला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

“सहासष्ट,” तो म्हणाला. “सहासष्टाव्या वर्षी.”

रुक्मिणबाईंनी हात जोडले. आता विषय संपला, असं त्यांचं म्हणणं पडलं. सुदामलाही ते पटलेलं दिसत होतं. मग अयोध्याने पंधरा हजारांबरोबरची अट सांगितली. सुदाम जरा हसला.

“बस की मग. दोन तासाचं तर काम हाय.”

“बसते,” ती म्हणाली. “कितव्या वर्षापर्यंत बसू, ते तेवढं काढून द्या त्याच्यावर.”

सुदामने मोबाइल हातात घेतला. बराच वेळ त्याचा अंगठा आकड्यांवर फिरत राहिला, पण दाबायचं काय हे त्याला सुचलं नाही. मोबाइल खिशात घालून तो म्हणाला, उद्या दुकान उशिरा उघडतो, फॉर्मला किती फोटो लागतेत?

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीशी सिद्धेश्वर नावाचा तरुण क्लार्क होता. त्याने कागद उलटसुलट बघितले आणि अनुभव किती ते विचारलं नाही, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. बारावीचे टक्के विचारले. बावन्न, असं तिने सांगितलं. पहिला हप्ता सुदामने मोजून दिला. पावती घेताना अयोध्याला राहवलं नाही.

“सर, कोर्स झाल्यावर पगार किती पडतो हो, अंदाजानं?”

सिद्धेश्वरने शिक्का उचलला, मागे साहेबांच्या केबिनकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, मी एम.कॉम. हाय. मला हितं साडेनऊ पडतेत. मला नका विचारू.”

सुदामने तिच्याकडे बघितलं. तिने खिडकीतून फॉर्म आपल्याकडे ओढला. मग तिने विचारलं, सही कुठं करायची.